जेवताना घाई होते? आधी या चुका टाळा

"काहून एवढी गिळून राहिली? कोणी मागं लागलं का?" आजी असं म्हणायची तेव्हा मी शाळेत होते. आता नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत नोकरीला आहे आणि मागं खरंच कोणीतरी लागलेलं असतं. जेवणाची सुट्टी अर्धा तास. 1948 च्या कारखाने अधिनियमानेही सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाचीच विश्रांती ठरवून दिली होती. त्यातून हात धुणं आणि डबा गरम करायची रांग वजा करा, उरतात पंधरा मिनिटं. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. मग डबा रिकामा होतो तरी भूक जागीच, आणि हात शेजारणीच्या चिवड्याकडे जातो.

हळू जेवायचं म्हणून मी बरंच काही करून पाहिलं. त्यातलं निम्मं फसलं.

घास मोजत बसणं. प्रत्येक घास 32 वेळा चावायचा म्हणे. वरण-भात 32 वेळा चावून दाखवा! चौथ्या वेळेला तोंडात काही उरत नाही आणि आकडाही चुकतो. वेग ताटातल्या पदार्थावर ठरतो, हे मला उशिरा कळलं. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, काकडी किंवा मुळ्याचे काप, हे चावल्याशिवाय खाली उतरतच नाही. म्हणून डब्यात भाकरी आणि कच्चं काहीतरी आधी, वरण-भात शेवटी.

भुकेनं कासावीस होऊन बसणं. सकाळी आठला टपरीवर उभ्या उभ्या तर्री-पोहे, मग थेट दुपारी दोन. सहा तासांनी समोर डबा आला की कोण हळू जेवेल? साडेअकराला मूठभर फुटाणे पुरतात. मोसमात संत्रं उत्तम. ते सोलावं लागतं, त्यामुळे तेही घाईत खाता येत नाही.

तिखटावर पाणी ओतणं. सावजी रस्सा असला की घास, पाणी, घास, पाणी असं सुरू होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. पाण्यानं जाळ उलट तोंडभर पसरतो. जाळ संपवायच्या घाईत आपण आणखी भरभर गिळतो, सोबत हवाही गिळतो, आणि मग दुपारभर ढेकर. दही घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन त्या कॅप्सेसिनला धरून बाजूला काढतं. मे महिन्यात 45 अंशांतून घरी आल्यावर तर लगेच ताटावर बसूच नका. आधी पंख्याखाली दहा मिनिटं आणि घोट घोट पाणी.

मोबाईलबद्दल सगळे सांगतात, मी लांबवत नाही. तो डब्याच्या पिशवीत टाका.

सगळं एकदम वाढून घेणं. माझी सर्वांत मोठी चूक ही. पंगतीत कुणी घाईनं जेवताना फारसं दिसत नाही, कारण तिथला वेग वाढप्याच्या हातात असतो. वरण-भातानंतर पोळी-भाजी यायला वेळ लागतो, मग गोड, मग ताक-भात, मध्ये आग्रह आणि गप्पा. बुफेत आपण तेच सगळं एका ताटात रचतो आणि दहा मिनिटांत मोकळे होतो. घरी आता मी भांडी टेबलावर ठेवतच नाही. दुसरी वाढणी हवी तर स्वयंपाकघरात उठून जायचं. डब्याचंही तसंच, एका वेळी एकच खण उघडायचा.

एवढं करूनही वेळ दहाच मिनिटांचा असेल, तर अर्धा डबा दोनला आणि अर्धा चारला खा. भाजी-पोळी चारपर्यंत टिकते, उन्हाळ्यात दही-भात मात्र ठेवू नका. आणि हळू जेवूनही घास छातीत अडकत असेल, रोज जळजळ होत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे घाईचा दोष नसतो.

मागच्या रविवारी गोळा-भात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, केला होता. हिंग-मोहरीचं तेल मी टेबलावर मुद्दाम आणलं नव्हतं. नवरा ते आणायला उठला, परत येईपर्यंत म्हणाला, "राहू दे आता." उरलेले गोळे सोमवारी डब्यात गेले.