पहिलं रीड, मग राइट : ईसीएम-इमोबिलायझरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

३१ जुलै २०१९ला वडोदऱ्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. विश्वामित्री नदी गावात शिरली आणि कुठल्या सोसायटीत मगर दिसली याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. आम्ही गॅरेजवाल्यांनी त्यानंतरचे दोन महिने चिखलाने भरलेले ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, पाहिले. मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून एका ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागलो, त्याला तेव्हा आठच महिने झाले होते. त्याच गर्दीत एका डिझेल गाडीचा मूळ डेटा मी माझ्या हाताने पुसला. ते पुढे सांगतो, कारण आधी काय पुसलं ते कळायला हवं.

चावीच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर. इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा, तिला एक आकडा विचारतो, चिप त्याचं गुप्त गणित करून उत्तर देते. उत्तर पटलं की इमोबिलायझर ईसीएमला सांगतो, आणि ईसीएमसुद्धा आपल्याकडचा गुप्त कोड जुळतोय का ते बघतो. जुळला तर इंजेक्टर चालू, नाही तर बंद. म्हणून सेल्फ जोरात फिरतो पण गाडी उचलत नाही, किंवा उचलून एक-दोन सेकंदांत गपकन बंद पडते.

भंगारातून आणलेला ईसीएम इथेच अडतो. पार्ट नंबर तोच, इंजिन तेच, पण त्याच्या डोक्यात दुसऱ्याच गाडीचा संसार. आमचे शेठ म्हणायचे, "आधी काडीमोड, मग नवं लग्न." जुन्या गाडीचा कोड पुसण्याला धंद्यातला शब्द ‘व्हर्जिन करणं’ असा आहे, पण शेठचा मला जास्त आवडतो. आणि इंजिन सारखं म्हणून ईसीएम चालेल असं तर मुळीच समजू नका. फियाटचं १.३ लिटर डिझेल मारुतीतही होतं आणि टाटातही, तरी एकाचा ईसीएम दुसऱ्यात बसत नाही. लेबलवरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा.

नवीन मुलं पहिली चूक करतात ती ईसीएमचा बॉक्स उघडायची. गाडी उचलत नाही म्हणजे इमोबिलायझरच, असं नसतं. क्रँक सेन्सर जातो, रिले जातो, नाही तर अर्थची वायर कुजलेली असते. आधी डॅशवरचा चावीचा दिवा बघा, मग स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा. पी०५१३ म्हणजे चावी ओळखली नाही. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरशी बोलणंच होत नाही, तिथे आधी वायरिंग तपासायचं. यू०१०० म्हणजे ईसीएमशीच संपर्क नाही. मग त्याला सप्लाय आणि अर्थ मिळतेय का ते मीटरने मोजा, चिपला हात नंतर. एकदा रावपुऱ्यातले एक काका ‘कोडिंग उडालंय’ म्हणून आले. त्यांच्या की-चेनला मुलाच्या गाडीचीही चावी होती. दोन चिपा वेटोळ्यापाशी एकदम बोलत होत्या. चावी सुटी करून दिली, गाडी चालू. पैसे घेतले नाहीत, पण काकांनी अख्ख्या गॅरेजला सेव-उसळ खाऊ घातली.

आता चिपचं काम. जुन्या पिढीच्या बऱ्याच ईसीएममध्ये इमोबिलायझरचा डेटा एका आठ पायांच्या ईप्रॉममध्ये (ईईप्रॉम, म्हणजे डेटा साठवणारी मेमरी चिप) असतो. ९३सी६६, २४सी०४, ९५१६०, ९५३२० हे नंबर महिन्याभरात तोंडपाठ होतात. क्लिप लावून किंवा हॉट एअरने चिप उतरवून ती वाचायची, त्या फाइलला आम्ही डंप म्हणतो. शेठ गुजराती. चिप वाचायच्या-लिहायच्या मशीनवर, म्हणजे प्रोग्रामरवर, त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती : "पहेलां वांच, पछी लख." मला वाटायचं, हे काय सांगायचं? वाचल्याशिवाय कोण लिहितं?

मी लिहिलं. त्या डिझेल गाडीच्या बोर्डावर लॅकरचा थर होता. मी तो नीट न खरवडताच क्लिप लावली आणि एकदा रीड घेतलं. फाइल उघडून बघितली असती तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एफएफ एफएफ दिसलं असतं, म्हणजे क्लिपचे पाय टेकलेच नव्हते. बघितली नाही. क्लिप जरा दाबली, व्हेरिफाय करायला गेलो आणि बोट राइटवर पडलं. या वेळी मात्र पाय नेमके टेकले. कोरी फाइल चिपमध्ये गेली. गाडीच्या इमोबिलायझरशी जुळणारा कोड त्या एका जागी होता, तो संपला. शेवटी मालकाची कागदपत्रं देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नवा ईसीएम घेऊन तो जोडून घ्यावा लागला. शेठ ओरडले नाहीत. चार महिने पगारातून हप्ता कापला.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. तीन वेळा रीड, दर वेळी क्लिप काढून पुन्हा लावायची, आणि तिन्ही फाइली बाइट न् बाइट सारख्या आल्या पाहिजेत. आकार बघायचा : ९५१६०चा डंप २०४८ बाइटचा, ९५३२०चा ४०९६. कमी-जास्त असेल तर चिपची निवड चुकली. मग फाइलमध्ये चेसिस नंबर शोधायचा. १७ अक्षरी, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, म्हणून वाचताना शून्य की ओ हा घोळ घालू नका. मूळ फाइलला कधीही हात लावायचा नाही, जे काही बदलायचं ते नकलेत. आणि गाडीवरच प्रोग्रामिंग असेल तर बॅटरीच्या भरवशावर राहू नका, स्थिर सप्लाय जोडा. मध्येच व्होल्टेज पडलं की अर्धवट लिहिलेला ईसीएम हातात येतो.

नव्या गाड्यांचं मात्र वेगळं आहे. डेटा प्रोसेसरच्या पोटातच असतो, आठ पायांची चिप शोधत बसलात तर सापडणार नाही. १ एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर मी सरळ सांगतो, कंपनीचा रस्ता धरा. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून लोकांच्या ईसीएमवर शिकू नका. शिकायला भंगारातले मेलेले बोर्ड घ्या, किलोवर मिळतात.

मुलं विचारतात, कुठलं मशीन घेऊ? पहिलं वर्षभर कुठलंच नको. चांगली सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक साधा ईप्रॉम प्रोग्रामर. महागडं चायनीज मशीन घेऊन सोल्डर न येणारे दोघे-तिघे मी पाहिलेत. हप्ते अजून चालू आहेत.

या कामातला सगळ्यात अवघड भाग सोल्डरिंगचा नाही. एकदा एक जण पिशवीतून नुसता ईसीएम घेऊन आला. "गाडी गावाला आहे, तुम्ही फक्त चावीशी जोडून द्या." आरसी? नंतर आणतो. मी नाही म्हटलं, तो दुप्पट द्यायला लागला, आणि तेव्हा तर पक्कंच नाही म्हटलं. आपण जे करतो तेच चोरालाही हवं असतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो घेणं वा ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे, आणि ‘मी फक्त मेकॅनिक’ असं म्हणून सुटका होत नाही. म्हणून गाडी समोर हवी, आरसी हवी, मालकाचं ओळखपत्र हवं, चेसिसवर ठोकलेल्या नंबराचा फोटो हवा, आणि तो आरसीशी जुळला पाहिजे. सगळं रजिस्टरमध्ये, सहीसकट. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू द्या.

आणि जपून ठेवलेले डंप म्हणजे लोकांच्या गाड्यांच्या चाव्यांचा जुडगा आहे. ती हार्ड डिस्क नेटला न जोडलेली, कुलुपात. व्हॉट्सॲपवर ‘मित्रा, जरा फाइल पाठव’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायला शिका.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री पुन्हा आली. समा भागातली एक हॅचबॅक आली, ईसीएम डॅशखाली पायाशी होता, पूर्ण बुडालेला. बोर्डावर हिरवा गंज, ईप्रॉमचे दोन पाय झडून गेलेले, वाचायला काही उरलंच नव्हतं. गाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "दादा, तीन वर्षांपूर्वी दुसरी चावी तुमच्याकडेच करून घेतली होती." रजिस्टर काढलं, चेसिस नंबरवरून फोल्डर उघडला. चावीच्या कामाआधी घेतलेले तिन्ही रीड तिथे होते. त्याच पार्ट नंबरचा जुना ईसीएम मिळवला, त्यात आमची फाइल घातली. दुसऱ्या सेल्फला गाडी उचलली. मी फोल्डरमध्ये नवी तारीख घातली आणि डिस्क परत कपाटात ठेवली.