घसा दुखतोय? मेडिकलमध्ये गोळी मागण्याआधी

घसा धरला की मेडिकलच्या काउंटरवरचं वाक्य ठरलेलं असतं: "घशासाठी एखादी स्ट्राँग गोळी द्या." त्याऐवजी कधीपासून दुखतंय, ताप किती आहे, सर्दी-खोकला आहे का, हे सांगा. औषध कोणतं द्यायचं आणि मुळात द्यायचं की डॉक्टरकडे पाठवायचं, हे फार्मासिस्ट त्यावरूनच ठरवतो.

1. आधी धोका तपासा

श्वास घेताना आवाज येतोय, लाळही गिळवत नाही, तोंड नीट उघडत नाही, घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज येतोय, मान आखडलीय: यातलं एक जरी असेल तर मेडिकलमध्ये न थांबता थेट रुग्णालय गाठा. टॉन्सिलच्या बाजूला पू साठला की एकाच बाजूला ठणका लागतो आणि जबडा उघडेनासा होतो. तो पू बहुधा काढावाच लागतो. लहान मूल लाळ गाळत असेल आणि त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर घसा बघायला चमचा घालू नका.

2. चालू असलेली औषधं सांगा

घशाचा आणि थायरॉइडच्या गोळीचा काय संबंध, असं वाटून लोक हे सांगतच नाहीत. पण कार्बिमॅझोल (वाढलेल्या थायरॉइडवरची गोळी), क्लोझापिन (मानसिक आजारावरची), मेथोट्रेक्सेट (संधिवातावरची) किंवा केमोथेरपीमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात आणि त्याची पहिली खूण कधी कधी दुखरा घसा हीच असते. अशांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून रक्त तपासून घ्यावं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ भरायची राहत असेल तर घशात बुरशीही धरते.

3. घसा पाहा

मोबाइलची बॅटरी लावा, आरशासमोर 'आऽऽ' करा. चार गोष्टी बघायच्या: 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, टॉन्सिलवर पांढरट ठिपके किंवा थर, जबड्याखाली पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. शेवटची खूण अनेकांना उलटी वाटते. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज ही सहसा विषाणूची कामं, आणि बहुतेक घसे विषाणूनेच दुखतात. तीन-चार खुणा जुळल्या तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची शंका घ्यावी आणि डॉक्टरांकडे जावं. चारही जुळल्या तरी तो साधारण निम्म्याच जणांत सापडतो, म्हणून शक्य असेल तिथे घशाचा स्वॅब तपासतात. शाळकरी वयात हा जिवाणू जास्त आढळतो. अंगावर बारीक, खरखरीत पुरळ असेल तर मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

4. दुखणं कमी करा

मोठ्यांना पॅरासिटामॉल 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 4 तासांचं अंतर, दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. मुलांचा डोस वजनावरून विचारून घ्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचाच. आयबुप्रोफेन चालतं, पण अल्सर, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय नको. फ्लर्बिप्रोफेनची चघळायची गोळी त्याच जातीची, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. 16 वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. मध चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. लहान मुलांना चघळायच्या गोळ्या देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

5. अँटिबायोटिकचा हट्ट सोडा

त्याने दुखणं सरासरी 16 तासांनीच लवकर थांबतं. विषाणूवर तर उपयोग शून्य. ग्रंथीज्वरात (विषाणूमुळे ताप येऊन मानेतल्या गाठी सुजतात तो आजार) अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक घेतलं तर अंगभर पुरळही उठू शकतं. मात्र संधिज्वर (स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर येणारा रुमॅटिक फिव्हर) झालेला असेल किंवा त्याचा धोका असेल तर गोष्ट वेगळी: तो आजार हृदयाच्या झडपा बिघडवू शकतो, म्हणून तिथे पेनिसिलिन लागतंच. डॉक्टरांनी दिलेला कोर्स, बहुधा 10 दिवसांचा, पुरा करा. कपाटातली उरलेली स्ट्रिप काढू नका.

6. वाट किती पाहायची

साधा घसा आठवड्याभरात सुधारतो. तसा सुधारला नाही, ताप उतरून पुन्हा चढला किंवा पाणीही जाईनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. बसलेला आवाज 3 आठवड्यांनीही सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्या; तंबाखू किंवा विडी-सिगारेट असेल तर नक्कीच.