नागपूरहून न्यूयॉर्कची आलिशान सहल: बजेटमधल्या या चुका टाळा

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला न्यूयॉर्क, बिझनेस क्लास, मॅनहॅटनमधलं पंचतारांकित हॉटेल: असे बेत आता धरमपेठ-रामदासपेठेतल्या घरांतही आखले जातात. पैसे साठवलेले असतात, तरीही हिशेब कोलमडतो. कारण बजेट जाहिरातीतल्या दरावर बांधलेलं असतं, हाती पडणाऱ्या बिलावर नाही.

सगळ्यात महागडी चूक घरूनच सुरू होते. नागपूरहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही, म्हणून लोक मुंबईपासूनचं बिझनेस तिकीट काढतात आणि नागपूर-मुंबईचं स्वस्तातलं वेगळं. पहिलं विमान रखडलं, तर पुढची कंपनी तुम्हाला गैरहजर धरू शकते आणि लाखांचं तिकीट पाण्यात जातं. सामानाचंही तसंच. बिझनेसला साधारण ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात. देशांतर्गत इकॉनॉमीत सहसा १५ किलोच. परतताना खरेदीने फुगलेल्या बॅगांचे जादा पैसे मुंबईत मोजावे लागतात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून न्यूयॉर्कपर्यंत एकाच पीएनआरवर (एकाच बुकिंगमध्ये) तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. वेगळी तिकिटं काढून झाली असतील, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि तो मुक्काम खर्चात धरा. व्हिसाच्या मुलाखतीसाठीची मुंबईवारीही त्यातच लिहा.

आता हॉटेल. ८०० डॉलरची खोली ८०० डॉलरला पडत नाही. न्यूयॉर्क शहरात खोलीभाड्यावर १४.७५ टक्के कर आणि वर दर रात्री साडेतीन डॉलर लागतात. म्हणजे ९२१.५० डॉलर. पाच रात्रींत ६०० डॉलरहून जास्त फरक! जेवणाचंही तसंच: ४०० डॉलरच्या बिलावर ८.८७५ टक्के विक्रीकर आणि साधारण २० टक्के टिप धरली की ५१५ डॉलर होतात. तिथे टिप हा वाढप्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो, त्यामुळे ती वाचवायची रक्कम समजू नका. परदेशी पाहुण्यांना हा विक्रीकर परत मिळत नाही. मात्र ११० डॉलरखालच्या कपड्याला तो लागतच नाही.

चेक-इनला हॉटेल कार्डावर अनामत अडवून ठेवतं. फॉरेक्स (आधी डॉलर भरून घेतलेलं) किंवा डेबिट कार्ड दिलंत, तर तुमचेच पैसे काही दिवस अडकतात. इथे क्रेडिट कार्डच द्या. कार्ड नाकारलं गेलं, तर आधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. हे नागपुरात असतानाच करून ठेवलेलं बरं. मशीनने 'रुपये की डॉलर' विचारलं, तर डॉलर. रुपयांतला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

एजंटकडून पॅकेज घेतलंत, तर वर टीसीएस, म्हणजे एजंटने तुमच्याकडून आधीच वसूल केलेला आयकर, लागतो. हा खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो; पण तोवर तेवढी रोकड अडकते. त्याचा दर बदलत असतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा. घरात ज्यांचा आयकर जास्त, त्यांनी पैसे भरून त्यांचाच पॅन द्यावा, आणि रक्कम आयकर पोर्टलवरच्या त्यांच्या जमा कराच्या विवरणात दिसतेय का ते रिटर्नआधी तपासावं.