सरासरी काढण्याआधी
वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांचा सर्व्हे केलात, तर आधी एक्सेलमध्ये वयाचा रकाना चढत्या क्रमाने लावा. ‘उत्तर नाही’साठी टाकलेले ९९ तळाशी सापडतील. ते पुसा, नाहीतर सरासरी उगाच म्हातारी होते. (खरेच ९९ वर्षांचे आजोबा असतील तर फॉर्म काढून बघा.)

उत्पन्नाला सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. समजा पाच घरं: १५, १८, २०, २२ आणि १७५ हजार. सरासरी ५० हजार, मध्यक २०. पन्नासच्या आसपास एकही घर नाही!

टक्केवारीतली चूक ढोबळपणे १ भागिले नमुन्यातल्या घरांच्या संख्येचं वर्गमूळ: ४०० घरांना ५ टक्के इकडेतिकडे, त्यातल्या १०० भाडेकरूंना १०. तेही घरं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच. ओळखीपाळखीत चहा पीत भरलेल्या फॉर्मांना हे गणित लागू नाही.