लॅबचा उपास एकादशीचा नव्हे

चोपड्यात सकाळी सातला लॅबचं शटर वर करतो तेव्हा पायरीवर पाच-सहा जण आधीच बसलेले असतात. कुणी अडावदहून, कुणी लासूरहून, पहिल्या गाडीने आलेले. काही खाल्लंय का, हा माझा पहिला प्रश्न, आणि उत्तरही ठरलेलं : "काही खादं नई भाऊ, निस्ता चहा पिधा." निस्ता चहा म्हणजे दूध आणि दोन चमचे साखर. मग उद्या परत या. गाडीभाडं गेलं, मजुरीचा दिवसही गेला. म्हणून ही तयारी आदल्या दिवशी दुपारपासूनच धरा.

आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून घ्या, नाहीतर फोन करून विचारा. सगळ्याच तपासण्या उपाशीपोटी नसतात. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजायच्या असतील तर भाकर खाऊन या, काही बिघडत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी तपासणीही जेवून चालते. उपाशीपोटीच्या साखरेला मात्र किमान ८ तास पोट रिकामं हवं, आणि रक्तातल्या चरबीच्या (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासणीला बहुतेक डॉक्टर १० ते १२ तास सांगतात. जास्त उपाशी राहिलं की रिपोर्ट जास्त चांगला येतो असं नाही. सोळा-सोळा तास कोरडे राहून चक्कर येऊन पडलेले लोक मी उचलले आहेत.

आणि इथे उपास म्हणजे लॅबचा उपास. आपल्याकडे घोळ होतो तो या शब्दानेच. एकादशीला साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, यावल-रावेरच्या पट्ट्यात तर केळं हे खाण्यात धरतच नाहीत. लॅबमध्ये यातलं काहीच चालत नाही. केळ्यातली साखर रक्तात उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि आकडा हलतो. फक्त साधं पाणी प्या, आणि पोटभर प्या. रक्तातला निम्म्याहून जास्त भाग पातळ रक्तद्रव असतो आणि त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच. कोरड्या अंगाने आलात तर शीर सापडत नाही, दोनदा टोचावं लागतं. तंबाखू, विडी, गुटखाही सकाळी नको.

हिवाळ्यात भरीत पार्टी असेल तर तपासणी दोन दिवस पुढे ढकला. मळ्यात रात्री अकराला तेलात न्हालेलं भरीत खाऊन सकाळी चरबी मोजायची, त्यात काय अर्थ? रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी भरायची पाळी असेल तरी थांबा. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटे चढतं आणि रात्री उतरतं, म्हणून त्याचं रक्त साधारण सकाळी आठला काढतात. रात्रभर जागलेल्या माणसाचं हे घड्याळ सरकलेलं असतं, आणि जागरणाने साखरही वाढलेली दिसू शकते.

गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी आणा. नावं पाठ नसतात, पाकिटं बोलतात. थायरॉइडची सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतलीत तर टी-फोर, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाचा आकडा, काही तास फुगलेला दिसतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइडमधून येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ते येतं मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली की पीयूषिका वरून जास्त ओरडते, म्हणून आकडा वाढला तर थायरॉइड कमी पडतंय असं समजायचं. टीएसएच रात्री चढतं आणि दुपारकडे उतरतं, तेव्हा दर वेळी साधारण त्याच वेळेला या. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रं त्याने फसतात आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट थायरॉइड वाढल्याचा येतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन निघू नका, साखर एकदम उतरेल. ते सोबत आणा, केव्हा घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

गुडघेदुखीसाठी कुणी दिलेल्या पुड्या खात असाल तर लाजू नका, सांगा. त्यात स्टेरॉइड असेल तर साखर वाढते आणि अंगाची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी हळूहळू काम सोडते.

सातपुड्यातल्या आणि नंदुरबारकडच्या भावंडांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. घरात कुणाला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) असेल तर त्याचं कार्ड आणा, नसेल तर तोंडी तरी सांगा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि एचबीएवनसी ही त्या पेशीवर चढलेल्या साखरेची मोजदाद. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. साखर चढायला वेळच मिळत नाही आणि मधुमेह असूनही आकडा चांगला दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बघावी लागते. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तेही सांगा, दुसऱ्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सिकलसेलच्या साध्या बाटलीतल्या चाचणीसाठी आणू नका, त्या वयात ती भरवशाची नसते.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना घरी रक्त काढून मोटरसायकलच्या डिकीतून पाठवू नका. बाटलीतही तांबड्या पेशी साखर खातच राहतात आणि उन्हात तर जोरात. साखरेसाठी राखाडी झाकणाची बाटली असते ती यासाठीच. शक्य तर लॅबमध्येच या.

सैल बाहीचा सदरा घाला. आल्यावर दहा मिनिटं बसा, धापा टाकत हात पुढे करू नका. पट्टा बांधल्यावर मूठ सारखी उघडझाप केली तर पोटॅशियम खोटं वाढतं. नुसती मिटून धरा. नंतर कापूस पाच मिनिटं दाबायचा, कोपर दुमडायचं नाही, नाहीतर काळं-निळं पडतं आणि गावभर सांगता की पोराला सुई टोचता येत नाही.

जेवणानंतरची साखरही लिहिली असेल तर डबा घरूनच आणा. आज तपासणी म्हणून पोहे-उपमा नको. रोज कळण्याची भाकर आणि ठेचा खात असाल तर तेच आणा, तुमच्या रोजच्या जेवणाने साखर किती चढते तेच बघायचंय. बाकावर बसून खा, आणि पहिला घास तोंडात घातला ती वेळ चिठ्ठीवर लिहा. दोन तास तिथून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.