गावात साहित्य-बैठक कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

२०१९ मध्ये यवतमाळला आणि २०२३ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा विदर्भातल्या अनेक वाचकांच्या मनात आपल्याही गावात असे काहीतरी व्हावे अशी इच्छा जागी झाली असेल. ही इच्छा मोलाची आहे. मात्र तिच्या भरात लोक पहिल्याच वर्षी मंडप घालतात, पाहुणे बोलावतात, शाल-श्रीफळ आणतात आणि वर्गणीचा हिशेब मिटता मिटता सगळ्यांचा उत्साह मावळतो. ज्या गावाला लिहिते करायचे आहे त्याने संमेलनाचा विचार दोन-तीन वर्षे बाजूला ठेवावा आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, गावातल्याच लोकांनी गावातल्याच लोकांना काहीतरी वाचून दाखवावे, एवढ्यापासून आरंभ करावा, असे माझे ठाम मत आहे.

आरंभाला चार-पाच माणसे पुरतात. त्यांत जिल्हा परिषद शाळेतले एखादे गुरुजी किंवा बाई, गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथले ग्रंथपाल, भजन मंडळातले कोणी, बचत गटातली एखादी बोलकी बाई आणि मोबाइलवर मराठी टंकलेखन सराईतपणे करणारा एखादा तरुण असावा. बैठकीची दवंडी देण्यापूर्वी या मंडळींनी गावात कोण काय रचते याची यादी करावी. पोळ्याच्या तोरणाखाली स्वतःची झडती, म्हणजे पोळ्याचे खटकेबाज पद्य, म्हणणारा कास्तकार, लग्नात नवे उखाणे जोडून देणारी काकू, १४ एप्रिलसाठी भीमगीत लिहिणारा मुलगा, दंडार या लोकनाट्यात सोंग घेताना संवाद पदरचे घालणारा कलावंत आणि पावसाची रोजची नोंद वहीत ठेवणारे आजोबा ही सारी त्या यादीतली नावे होत. यांतले बहुतेक जण स्वतःला लेखक म्हणवत नाहीत, म्हणून त्यांच्या घरी जाऊन, नाव घेऊन बोलावणे आवश्यक असते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावल्याने ते येत नाहीत.

जागा निवडताना एकच कसोटी लावावी, ती अशी की गावातल्या कोणत्याही मोहल्ल्यातल्या माणसाला तिथे पाय ठेवताना अवघडल्यासारखे वाटू नये. देवळाचा सभामंडप सोयीचा असतो, बुद्धविहार स्वच्छ आणि प्रशस्त असतो, पाटलांची ओसरी ऐसपैस असते. परंतु प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी उंबऱ्याबाहेर थांबतो. म्हणून मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी काढून शाळेचा वर्ग घ्यावा, नाहीतर वाचनालय किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह पाहावे. बसायला सर्वांना सारखी सतरंजी असावी. कुणासाठी खुर्ची मांडायचीच असेल तर ती गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मांडावी.

वेळेचा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तो शेतीच्या वेळापत्रकानेच सुटतो. वऱ्हाडात आषाढ-श्रावणात निंदण-डवरणी असते, आश्विनात सोयाबीनची सोंगणी येते आणि त्यापाठोपाठ कापसाचा वेचा सुरू होऊन तो पुढे माघापर्यंत लांबतो. पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात रोवणी आणि कापणीच्या दिवसांत कोणालाच उसंत नसते. रब्बीत ओलित करणाऱ्यांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळते, त्यामुळे त्या आठवड्यात पुरुष मंडळी वावरातच असतात. हे ध्यानात घेऊन पौर्णिमेची संध्याकाळ निश्चित करावी, कारण ती तिथी कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही आणि वीज गेली तरी अंगणात बसता येते. जेवणे आटोपल्यावर आठ ते साडेनऊ हा वेळ पुरे होतो. परंतु या वेळेला अनेक स्त्रियांना येता येत नाही, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. त्यांच्यासाठी बचत गटाच्या मासिक सभेला जोडून अर्ध्या तासाची वेगळी बैठक घ्यावी आणि तिथे वाचलेले लेखन, लेखिकेची हरकत नसेल तर, पौर्णिमेच्या बैठकीत तिच्या नावाने वाचावे. घाईच्या महिन्यात तीनच माणसे आली तरी बैठक रद्द करू नये. एकदा तारीख हलली की लोक दुसऱ्या खेपेला खात्री करूनच निघतात आणि तिसऱ्या खेपेला निघतच नाहीत.

प्रत्यक्ष बैठक कशी चालवावी, हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळा उपक्रम त्यावर उभा राहतो. एका बैठकीत पाच किंवा सहा जणांनीच वाचावे आणि प्रत्येकाने पाच मिनिटांपेक्षा अधिक घेऊ नये. वाचणाऱ्याने प्रस्तावना करू नये. कविता कशी सुचली हे सांगण्यात कवितेपेक्षा जास्त वेळ जातो. लेखन दोनदा वाचावे, पहिल्यांदा नुसते ऐकण्यासाठी आणि दुसऱ्यांदा, शक्यतो दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, लक्ष देऊन पारखण्यासाठी. दुसऱ्याच्या आवाजात आपली ओळ अडखळली की ती कुठे कच्ची आहे हे लिहिणाऱ्याला कुणी न सांगताच कळते. त्यानंतर ऐकणाऱ्यांनी आधी आपल्याला आठवणीत राहिलेली एक ओळ किंवा एक चित्र सांगावे आणि मग आपले लक्ष कुठे सुटले ते सांगावे. एवढा वेळ वाचणाऱ्याने गप्प बसावे, खुलासा देऊ नये. ‘छान झाले’ किंवा ‘वा वा’ यांवर कोणाचीही टिप्पणी संपू देऊ नये. काय छान झाले, हे सूत्रसंचालकाने नम्रपणे विचारावे. सूत्रसंचालक दर महिन्याला बदलावा आणि त्यात शाळकरी मुलींनाही पाळी द्यावी. एका वहीत तारीख, हजर असलेल्यांची नावे आणि वाचलेल्या लेखनाची शीर्षके लिहून ठेवावीत.

नव्या माणसाला ‘काहीतरी लिहा’ म्हटले की तो ‘पाऊस’, ‘आई’ किंवा ‘बळीराजा’ या विषयांवर दुसऱ्यांनी लिहिलेलेच पुन्हा लिहितो. त्याला नेमके काम द्यावे. आपल्या शिवारातल्या वावरांना, नाल्यांना आणि विहिरींना जुनी नावे असतात. एकेकाने एका वावराचे नाव घेऊन ते कसे पडले हे एका पानात लिहावे. आठवडी बाजारात ऐकलेला घासाघिशीचा एक संवाद जसाच्या तसा लिहावा. घरातल्या एका जुन्या वस्तूचे, तिफणीचे म्हणा किंवा जात्याचे, वर्णन तिला हात लावून करावे. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाला पत्र लिहावे, ज्यात ‘आठवण येते’ हे शब्द एकदाही येऊ नयेत. अशा अटी घातल्या की माणसाला आपल्या डोळ्यांनी पाहिलेले लिहावेच लागते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि सातवी-आठवीच्या मुलांनी लिहून घ्यावे. वाचताना मात्र सांगणाऱ्याचे नाव आधी घ्यावे आणि लिहून घेणाऱ्याचे नंतर. या कामात मुलांच्या शुद्धलेखनापेक्षा त्यांच्या कानाला अधिक वळण लागते, असा माझा अनुभव आहे.

आता जात्यावरच्या ओव्यांविषयी. गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात गेले, पण ज्या स्त्रियांनी पहाटे दळले त्यांच्या कंठात ओव्या अजून आहेत आणि त्या टिपून घेण्यासाठी फार वर्षे हाती नाहीत. एखाद्या आजीसमोर मोबाइल धरून ‘म्हणा ओवी’ म्हटले तर तिला एकही आठवत नाही. तिच्यासोबत तुरीची डाळ भरडायला बसावे, नाहीतर सुपात धान्य घेऊन निवडायला बसावे. हात चालू लागला, जात्याची घरघर सुरू झाली, की पहिली ओळ आपोआप येते आणि एकीमागून दुसरी निघते. मोबाइल आधी तिला दाखवून, तिची संमती घेऊन, बाजूला चालू ठेवावा. त्याच रात्री ते ध्वनिमुद्रण ऐकून ओव्या लिहून काढाव्यात, कारण दोन आठवडे गेले की अर्धे शब्द कळेनासे होतात. दुसऱ्या दिवशी जाऊन लिहिलेले तिला वाचून दाखवावे. ती हमखास दुरुस्त्या करते आणि त्या करता करता आणखी चार ओव्या देते. प्रत्येक ओवीखाली तिचे नाव, माहेर, सासर आणि तारीख घालावी, कारण ओवी कोणत्या गावाहून कोणत्या गावात आली हे माहेराच्या नावावरूनच समजते.

लिहून घेताना बोली सुधारू नये. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळी’ची ‘कायी’ होते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ‘पाणी’ हे ‘पानी’ म्हटले जाते. हे उच्चार जसे कानी पडतात तसे लिहावेत आणि एका गावाने एकच पद्धत ठरवून शेवटपर्यंत पाळावी. आपण बोलतो ती भाषा अशुद्ध आहे, हे शाळेत ऐकलेले मत घेऊन कित्येक माणसे आयुष्यभर लिहायची थांबली आहेत. त्यांना बैठकीत वऱ्हाडी कथा वऱ्हाडीतच वाचलेली ऐकू आली की त्यांचा संकोच सुटतो.

वर्षातले मोठे कार्यक्रम नव्याने शोधण्याची गरज नाही, ते आपल्या सणांत आधीच आहेत. पोळ्याला झडत्यांची चढाओढ लागते, तिच्यात कापसाच्या भावापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो आणि शेवटी महादेवाचा गजर होतो. त्या झडत्या हवेत विरून जातात, म्हणून दोन मुलांना वही देऊन त्या उतरवून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुलांच्या झडत्याही टिपाव्यात. भाद्रपद पौर्णिमेपासून मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत दरवर्षी एक नवे गाणे जोडण्याचे आवाहन करावे. कोजागिरीला आटीव दुधाबरोबर गावातल्या कवींचे संमेलन घ्यावे. त्या रात्री माणसे तशीही जागी असतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळेकडे सोपवावा, कारण तो कार्यक्रम शाळा करतेच. त्यात बैठकीतल्या दोन जणांचे वाचन ठेवण्याची विनंती तेवढी करावी. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, तेव्हा वेगळा कार्यक्रम न ठेवता पाहिलेल्या नाटकावर एक बैठक घ्यावी.

लिहिणाऱ्यांना वाचनाची जोड हवीच. पुस्तकाची प्रत एकच असली तरी अडत नाही, कारण पोथी लावून एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, ही पद्धत आपल्या गावांत रुळलेली आहे आणि मोझरीच्या गुरुकुंजाच्या परिसरात तर तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय लोकांनी असेच ऐकले आहेत. बैठकीच्या शेवटी पंधरा मिनिटे एखादी कथा किंवा आत्मचरित्राचे प्रकरण क्रमशः वाचावे. पुस्तके मान्यताप्राप्त वाचनालयातून मिळतील. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अशा वाचनालयांना अनुदान असते, तेव्हा नव्या खरेदीची यादी ठरण्यापूर्वी आपल्या वाचकांची मागणी लेखी स्वरूपात द्यावी. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवालाही एक फेरी मारावी.

पाहुणा वर्षातून एकच बोलवावा, शक्यतो तालुक्यातला किंवा जिल्ह्यातला, आणि त्याला गावातल्या लोकांचे लेखन पंधरा दिवस आधी पाठवून त्यावरच बोलण्याची विनंती करावी. प्रवासखर्च अवश्य द्यावा. हार-तुरे, शाली आणि स्मृतिचिन्हे यांवरचा खर्च वाचवून त्या पैशांची पुस्तके घ्यावीत आणि जमा-खर्च वाचनालयाच्या फळ्यावर लिहावा. चाळीस-पन्नास माणसांना ध्वनिक्षेपक लागत नाही. लागलाच तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढावी आणि रात्री दहाला तो बंद करावा, कारण नियमच तसा आहे.

एका विषयाबाबत विशेष जपावे लागते. आपल्या भागात कर्जापायी माणूस गमावलेली घरे आहेत. अशा घरातल्या व्यक्तीला त्या दुःखावर लिहायला कधीही सुचवू नये, मंचावर उभे करू नये आणि तिच्या घरची गोष्ट दुसऱ्या कुणी कवितेत आणली असेल तर ती वाचण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी. ती आपणहून लिहून आली तर शांतपणे ऐकावे, त्या लेखनावर चर्चा ठेवू नये आणि ध्वनिचित्रफीत काढून कुठेही पाठवू नये.

वर्ष सरल्यावर वहीतून निवड करून पुस्तिका काढावी. पहिल्या वर्षी हस्तलिखितच उत्तम. चांगल्या अक्षराची मुले पाने लिहितात, चित्रे काढणारे चित्रे काढतात आणि छायाप्रती काढून त्या शिवता येतात. प्रत्येक लेखकाला निदान एक पान मिळावे आणि त्याची लेखी संमती घ्यावी, कारण लेखनाचा हक्क त्याचाच असतो. प्रसिद्ध कवींच्या कविता पुस्तिकेत छापू नयेत; भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे तो हक्क वारसांकडे राहतो. एकेक प्रत शाळेत, वाचनालयात आणि ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्यांचे लेखन बाहेर पाठवण्याजोगे झाले असेल त्यांना विदर्भ साहित्य संघाच्या जवळच्या शाखेची वाट दाखवावी. १९२३ पासून ही संस्था काम करते आहे आणि ‘युगवाणी’ हे तिचे मुखपत्र आहे. दिवाळी अंकांना लेखन पाठवायचे असेल तर ते पावसाळ्यातच तयार असावे लागते.

संस्था नोंदवण्याची घाई करू नये. त्यासाठी निदान सात सदस्य, घटना, लेखापरीक्षण आणि दरवर्षीची कागदपत्रे लागतात, आणि पदे निर्माण झाली की पदांवरून वाद सुरू होतात. दोन वर्षे बैठक अखंड चालली आणि शासकीय अनुदान किंवा मोठी देणगी घेण्याची वेळ आली, तरच धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चौकशी करावी. तोवर वाचनालयाच्या छत्राखाली काम चालू ठेवावे.