‘तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते’ : ग्रुपने शहर बघताना या चुका टाळा

दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास ग्रुपमधलं कुणीतरी बाकावर टेकतं, बुटाची लेस सैल करतं आणि म्हणतं, “तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते.” ग्रुप घेऊन फिरताना माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य. एवढ्या हौसेने आलेलं माणूस बाकावर बसून राहतं, ते दिवस आखणाऱ्याच्या चुकीमुळे. त्यातल्या बहुतेक चुका आदल्या रात्रीच झालेल्या असतात.

ठिकाणं मोजली, माणसं मोजली नाहीत

नकाशा सांगतो, पंधरा मिनिटांची चाल. ती एकट्या माणसाची. ग्रुप सिग्नलला तुटतो, फोटोला थांबतो, मागचे येईपर्यंत पुढचे उभे राहतात. स्वच्छतागृहाचाच हिशेब करा : सोळा जण, दोन जागा, माणशी तीन मिनिटं. चोवीस मिनिटं गेली, आणि असं दिवसातून तीनदा तरी होणार. तरीही आपण कागदावर सहा ठिकाणं लिहितो.

मी आता दिवसाला एकच मोठं ठिकाण धरते, तेही सकाळी, पाय ताजे असताना. त्याच्या जवळपासचं एखादं छोटं ठिकाण दुपारी, आणि मधे तासभर नुसतं बसणं. मोठ्या ठिकाणीही सगळं बघायचा हट्ट नको. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत. तिथलं ‘मोनालिसा’ हे चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं. गर्दीत मागे उभ्या असलेल्या, उंचीने कमी असलेल्या मावशींना बहुतेक वेळा समोरच्यांचे वर धरलेले मोबाइलच दिसतात. त्यापेक्षा दोन-तीन दालनं आधी निवडा आणि तिथे निवांत थांबा. ज्यांना आणखी बघायचंय, त्यांना तासभर मोकळं सोडा.

सुटीचा वार आणि प्रार्थनेची वेळ

संग्रहालयं सगळीकडे सोमवारीच बंद असतात असं धरून चालू नका. लूव्र मंगळवारी बंद, त्याच शहरातलं ओर्से सोमवारी. ताजमहाल शुक्रवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद, त्या दिवशी प्रवेश फुकट असतो आणि म्हणूनच रांग अफाट असते. दहा-पंधरा जणांना घेऊन त्या रांगेत उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, शुक्रवारी दुपारी तर जास्तच वेळ थांबावं लागतं.

कपड्यांचंही तसंच. रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. एकाला दारात अडवलं की अख्खा ग्रुप खोळंबतो. हे आदल्या संध्याकाळी मोबाइलवरच्या ग्रुपवर टाका, सकाळी बसमध्ये सांगून उपयोग नाही.

एवढं करूनही दार बंद मिळालंच, तर घाईने शहराच्या दुसऱ्या टोकाला धावू नका. त्याच भागातल्या गल्ल्या, चौक, बाग बघा. प्रवासात गेलेला वेळ कुणालाच काही दाखवत नाही.

“मेन गेटपाशी भेटू”

मोठ्या ठिकाणाला मेन गेट एक नसतं. प्रत्येकाला आपण आलो तेच मेन वाटतं. प्रसिद्ध खुणेची जागाही टाळा. टोकियोत शिबुया स्टेशनबाहेर हाचिको कुत्र्याचा पुतळा आहे. तो मूळचा १९३४ सालचा, युद्धात वितळवला गेला आणि १९४८ मध्ये पुन्हा उभारला. भेटण्यासाठी तो इतका प्रसिद्ध आहे की त्याच्याभोवती आपली माणसं शोधणं हेच एक काम होऊन बसतं. त्यापेक्षा बसायला जागा असलेला, जवळ स्वच्छतागृह असलेला कोपरा निवडा, सगळ्यांना तिथे प्रत्यक्ष नेऊन उभं करा आणि त्या कोपऱ्याचा फोटो ग्रुपवर टाका. लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. तळघरात आणि जाड भिंतींच्या आत ते हमखास दगा देतं.

मेट्रोचं दार मिटलं

अर्धे आत, अर्धे फलाटावर. अशा वेळी आतले परत फिरतात, बाहेरचे पुढची गाडी पकडतात आणि दोघांची चुकामूक होते. नियम सकाळीच ठरवून घ्या : जे गाडीत चढले त्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचं. जो अगदी एकटा हरवला, त्याने आहे तिथेच उभं राहायचं. शोधायला बाकीचे येतील. तिकीट प्रत्येकाच्या हातात हवं. लंडनमध्ये एका कार्डावर दोघांना जाताच येत नाही.

माहिती चुकीच्या जागी

व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपल या प्रार्थनागृहात शांतता पाळावी लागते, फोटो काढायला बंदी आहे आणि गाइडलाही आत बोलता येत नाही. म्हणून छतावर काय चितारलंय ते बाहेरच्या फलकांपाशी आधी समजावतात. हीच पद्धत मी इतर ठिकाणीही वापरते. बाहेर सावलीत सगळ्यांना बसवून दहा मिनिटं सांगायचं, मग आत सोडायचं. उभ्या उभ्या अर्धा तास ऐकलेलं मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, आणि पाय तिथेच दुखायला लागतात.

ते वाक्य आलंच तर

“बसा मग,” म्हणून पुढे जाऊ नका. आधी पाणी द्या आणि गुडघा दुखतोय, बूट चावतोय की नुसता थकवा आहे ते विचारा. पुढचं ठिकाण छोटं असेल तर ते सोडून द्या आणि सगळेच अर्धा तास बसा. मागे रेंगाळणाऱ्या आणखी दोघा-तिघांनाही तेच हवं असतं, फक्त बोलवत नसतं. पुढे जाणं भागच असेल, तर सोबतीला एकजण ठेवा, परत यायची वेळ सांगा आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी या. त्यांनी न बघितलेलं काय होतं, ते बाकावर शेजारी बसून तुम्हीच सांगा, फोटो दाखवत, नीट वेळ काढून.